वाचक विचारतात : हाती रंगवलेल्या संतप्रतिमेच्या पोटात काय असते?

या वेळचे बहुतेक प्रश्न ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या लाकडी प्रतिमांबद्दल, म्हणजे आयकॉनबद्दल आहेत. काही वाचकांकडे अशी प्रतिमा आहे, काही जण रंगवायला शिकत आहेत. बरेच प्रश्न संत पांतेलेइमोन यांच्या प्रतिमेचे असल्याने उदाहरणापुरती तीच धरली आहे. रीत इतर संतांनाही लागू पडते.

प्रश्न : ग्रीसमधून भेट आलेल्या प्रतिमेत कुरळ्या केसांचा, दाढी नसलेला तरुण आहे. एका हातात छोटी पेटी, दुसऱ्यात बारीक चमचा. प्रभावळीच्या दोन्ही बाजूंना अक्षरे आहेत, पण वाचता येत नाहीत. हे संत कोण?

उत्तर : पेटी औषधांची आहे आणि चमचा वैद्याचा. हे संत पांतेलेइमोन. निकोमिडियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मितचे. परंपरा सांगते की ते वैद्यक शिकले, रोग्यांकडून पैसे घेत नसत आणि इ.स. 305 च्या सुमारास, ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना, त्यांचा शिरच्छेद झाला. मूळ नाव पांतोलेओन, म्हणजे सर्व बाबतींत सिंह. पुढे पांतेलेइमोन झाले, म्हणजे सर्वांवर दया करणारा. त्यांचा सण 27 जुलैला. जी चर्चे अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात त्यांच्याकडे तो 9 ऑगस्टला येतो.

नुसत्या चेहऱ्यावर विसंबू नका. कुरळे केस आणि बिनदाढीचा चेहरा संत जॉर्ज यांचाही असतो, पण त्यांच्या अंगावर चिलखत असते. संत देमेत्रिओस हेही तरुण योद्धेच, मात्र त्यांचे केस सरळ, कानामागे बसवलेले. पहिले हुतात्मे संत स्तेफानोस बिनदाढीचे असले तरी त्यांच्या अंगावर डीकनचा, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसाचा लांब झगा आणि हातात धूपदान. औषधाची पेटी कोस्मास आणि दामियानोस यांच्याकडेही दिसते, पण ते दोघे जोडीने येतात आणि त्यांना बहुधा आखूड दाढी असते.

शेवटचा शब्द मात्र अक्षरांचा. डाव्या बाजूला एक गोल आणि त्याच्या पोटात छोटा आल्फा दिसतो का पाहा. तो 'ओ आगिओस' म्हणजे 'संत' याचा संक्षेप. उजवीकडे नाव असते. नाव लिहिल्याशिवाय प्रतिमा पुरी झाली असे मानत नाहीत, म्हणून अक्षरे पुसट झाली असली तरी त्यांचा माग काढायचाच.

प्रश्न : आयकॉन 'रंगवला' म्हणायचे नाही, 'लिहिला' म्हणायचे, असे एका जाणकाराने दटावले. खरे काय?

उत्तर : रशियन भाषेत रंगांनी चित्र काढायला 'लिहिणे' हे क्रियापद वापरतात, समुद्राचे चित्र असो की संताचे. ग्रीकमध्येही लिहिणे आणि रेखाटणे यांचे मूळ एकच. त्या शब्दाचे भाषांतर होता होता नियम बनला. मराठीत खुशाल 'रंगवला' म्हणा.

प्रश्न : 24 बाय 30 सेंटीमीटरची फळी घेऊन मागे दोन आडपट्ट्या सरसाने पक्क्या चिकटवल्या, वर चार स्क्रूही मारले. तरी वर्ष सरायच्या आत मधोमध उभी भेग पडली. पट्ट्या कमी जाड होत्या का?

उत्तर : पट्ट्या पक्क्या बसल्या, हेच चुकले. लाकूड उभ्या रेषेत जवळजवळ हलत नाही, आडव्या अंगाने मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगते आणि आकसते. तुमच्या पट्ट्यांनी फळीला धरून ठेवले. कोरड्या दिवसांत ती आकसायला गेली, जागा मिळाली नाही, आणि जिथे कमकुवत होती तिथे फाटली.

जुन्या रशियन प्रतिमांच्या पाठीवर पट्टी कशी बसवली आहे ते पाहण्यासारखे असते. फळीत आडवा खाचा करतात, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. पट्टीचा छेदही तसाच असतो आणि ती एका टोकाला किंचित निमुळती असते. ती बाजूने सरकवून हलक्या हाताने ठोकतात. सरस नाही, खिळा नाही, स्क्रूही नाही. अशी पट्टी फळीला बाक येऊ देत नाही, पण फुगायला-आकसायला मोकळीक देते. तिला श्पोंका म्हणतात. पट्टीचे लाकूड फळीपेक्षा कडक हवे, म्हणून लिंडेनच्या फळीला ओकची पट्टी घालतात.

फळी लिंडेनची असेल तर उत्तम, कारण त्यात गाठी आणि राळ कमी. ग्रीसमध्ये सायप्रेसचे, म्हणजे सरूचे लाकूडही वापरतात. पाइनमधली राळ वर झिरपून रंगाखालच्या पांढऱ्या लेपाला डाग पाडू शकते, म्हणून गाठीची पाइन नको. या मापाला जाडी अडीच ते तीन सेंटीमीटर असू द्या. फळी ओंडक्याच्या मध्यातून उभी कापलेली निवडा. टोकाकडून पाहिले तर वर्षांची वलये फळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उभी दिसली पाहिजेत. वलये कमानीसारखी दिसत असतील तर ती फळी वाकणारच.

पुढच्या बाजूने मधला भाग दोन-तीन मिलिमीटर खोल कोरण्याची चाल आहे. त्या खोलगट भागाला कोव्चेग, म्हणजे पेटी, असे नाव आहे. भोवतीची चौकट त्याच फळीची राहते. हे करायलाच हवे असे नाही, पण रंगाच्या कडांना धक्का कमी लागतो.

तुमच्या भेग पडलेल्या फळीत लांबी भरून वर रंगवू नका. ताण तसाच आहे, भेग पुन्हा उघडेल. स्क्रू काढा आणि नवी फळी घ्या.

प्रश्न : पांढरा लेप घासून गुळगुळीत केला की टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसायला लागतात. वर आणखी तीन थर दिले, भोके तशीच. शिवाय एका कोपऱ्याला चिरा गेल्या आहेत.

उत्तर : ही भोके वरून बुजत नाहीत. ती पहिल्या किंवा दुसऱ्या थरात जन्मतात आणि प्रत्येक नव्या थरातून वर चढतात. म्हणून लेपाची सगळी रीत तळापासून सांगणे बरे.

सरस सशाच्या कातड्याचा किंवा स्टर्जन माशाच्या वायुपिशवीचा. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम सशाचा सरस, आठ ते बारा तास गार पाण्यात भिजत. मग दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ते भांडे ठेवून विरघळवायचा. तापमान 60 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. सरसाला उकळी आली की त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा जातो. गार झाल्यावर तो थलथलीत जेलीसारखा धरला पाहिजे. बोटाने फोडल्यावर कडा खडबडीत दिसल्या तर ठीक. रबरासारखा ताणला गेला तर फार कडक, आणि पाण्यासारखा राहिला तर बिघडला.

फळीवर आधी निम्मे पाणी घातलेला गरम सरस द्या, 24 तास वाळवा. मग पूर्ण ताकदीच्या सरसात बुडवलेले सुती किंवा तागाचे जुने, धुवून खळ काढलेले पातळ कापड चिकटवा आणि मधून कडेकडे हाताने दाबत हवा काढा. पुन्हा 24 तास. कापडामुळे लाकडाची लहानसहान हालचाल वरच्या लेपापर्यंत पोचत नाही.

लेपासाठी सरस थोडा हलका घ्यायचा, लिटरला 70 ग्रॅम. त्यात चाळलेली खडूची भुकटी वरून भुरभुरवत राहायचे, ढवळायचे नाही. भुकटी बुडता बुडता एका क्षणी पृष्ठभागावर बेट करून थांबते. ते प्रमाण पुरे. तासभर तसेच मुरू द्या, मग अगदी सावकाश कालवा आणि कापडातून गाळून घ्या. फळ्यावर लिहायचा खडू कुटून घालू नका, तो बहुधा जिप्समचा असतो. हवा तो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचा खडू.

आता भोके. लेप जोरात ढवळला की हवा आत जाते. लेप फार गरम असला की बुडबुडे सुटतात. आणि खालचा थर पुरता कोरडा व तहानलेला असला की तो पाणी झपकन ओढतो, त्याच्या छिद्रांतली हवा बाहेर पडायला पाहते आणि प्रत्येक छिद्रावर एक फुगा फुटतो. तुमच्याकडे हे तिसरे झाले असावे. उपाय साधा आहे : पहिला थर ब्रशने लावून तळहाताने किंवा बोटांनी कापडाच्या विणीत चोळून भरायचा. पुढचे थर मात्र ब्रशने, एकदा आडवे, एकदा उभे. आधीच्या थराची ओली चमक गेली, पण स्पर्शाला तो अजून गार लागतो, त्या वेळी पुढचा. आठ ते दहा पातळ थर एकाच दिवसात बसतात आणि एकूण जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर होते.

चिरांचे कारण वेगळे. एक तर थर जाड होते, नाहीतर फळी उन्हात किंवा हीटरजवळ वाळवली, नाहीतर वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा कडक होता. लेप तापवून ठेवला की पाणी उडते आणि शेवटच्या थरापर्यंत त्याचा कडकपणा वाढत जातो, हे लक्षात येत नाही. अधूनमधून चमचाभर कोमट पाणी घालत राहा. ताकद खाली जास्त आणि वर कमी, हा क्रम उलटला की वरचा थर आकसताना खालच्याला सोलून काढतो.

आहे त्या फळीचे काय? भोके थोडी असतील तर बोटाने घट्ट लेप जिरवून बघा. चिरा असतील तर गरम ओले फडके ठेवून सगळे सोलून काढा आणि पुन्हा सुरुवात करा. घासताना 220, मग 400 नंबरचा कागद, आणि तोंडाला मास्क.

प्रश्न : सोन्याचा वर्ख कुठे निस्तेज, कुठे सुरकुतलेला दिसतो. काही ठिकाणी चिकटलाच नाही. तैल चिकटद्रव्य वापरले होते.

उत्तर : निस्तेज जागी चिकटद्रव्य ओले होते, वर्ख त्यात बुडाला. जिथे चिकटला नाही तिथे ते वाळून गेले होते, किंवा लेपाने शोषून घेतले होते. लेप तहानलेला असतो, त्यावर आधी शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात देऊन तो बंद करावा लागतो. मग चिकटद्रव्य अगदी पातळ. बोटाचा पेर टेकवून हलकेच ओढल्यावर चर्र असा बारीक आवाज आला आणि बोटाला काही लागले नाही, की वर्ख ठेवायची वेळ झाली. सुरकुत्या चिकटद्रव्याच्या जाड थराच्या आहेत, त्या खरवडून पुन्हा करण्यावाचून इलाज नाही.

आरशासारखी झळाळी हवी असेल तर तेलाची रीत सोडा. लेपावर बोल, म्हणजे लाल चिकणमाती, हलक्या सरसात कालवून तीन-चार हात द्यायची, घोटायची, पाणी-अल्कोहोल फिरवून त्यावर वर्ख ठेवायचा आणि तो थोडा वाळला की अकीकाच्या दगडाने घोटायचा. दगडाने हलके टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला तर अजून ओले आहे, घोटायला गेलात तर सोने फाटेल. टक् असा कोरडा आवाज आला की घोटा. तैल चिकटद्रव्यावरचे सोने असे घोटता येत नाही.

हिशेब : वर्खाचे पान 80 मिलिमीटर चौरस, वहीत 25 पाने. 24 बाय 30 च्या पूर्ण पृष्ठभागाला नुसती सव्वाअकरा पाने पुरतील, पण कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात आणि फटी भरायला दुसरा हात लागतो. संताच्या आकृतीखाली सोने नको असते, ती जागा वजा केली की एक वही बेताने पुरते. 140 मिलिमीटरचे मोठे पान स्वस्तात मिळाले असेल तर ते पितळेचे आहे. ते काळे पडेल. 23 कॅरटचे सोने पडत नाही.

आणि सोने आधी, रंग नंतर. उलट केले तर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगालाही वर्ख चिकटून बसतो. आकृतीची बाह्यरेषा सुईने लेपात कोरून ठेवा, म्हणजे सोन्याखालीही ती दिसते.

प्रश्न : रंग वाळल्यावर बोटाला भुकटी लागते. दुसऱ्या ठिकाणी तोच रंग तेलकट चमकतो. अंड्याचे प्रमाण काय ठेवावे?

उत्तर : भुकटी लागते तिथे बलक कमी, चमकते तिथे जास्त. जास्त बलकाचा थर पुढे तडकतो आणि त्यावर पुढचा रंग मोत्यांसारखा गोळा होऊन सरकतो.

ताजे अंडे फोडून पांढरे काढून टाका. बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घ्या, रिकामा हात दर वेळी पुसत राहा. तीन-चार वेळा असे केले की वरचा चिकट द्रव निघून बलक कोरडा होतो. मग दोन बोटांनी त्याची पातळ पिशवी चिमटीत उचलून खालून टोचा. आतला बलक वाटीत सांडतो, पिशवी हातात राहते, ती टाकून द्या. ती रंगात गेली की धागे दिसतात. एका बलकाला त्याच्याएवढेच कोरडी पांढरी वाइन, किंवा थोडे व्हिनेगर टाकलेले पाणी. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास आला की टाकायचे.

रंगाची भुकटी आधी पाण्यात खलून दाट करा, त्यात तेवढेच बलकाचे मिश्रण. पण प्रत्येक माती वेगळे पिते, म्हणून चाचणी हवीच : काचेवर एक फटकारा मारा, वाळू द्या, पात्याने खरवडा. सलग सालपट निघाले तर बेत जमला. भुगा झाला तर बलक वाढवा. जुन्या पोथ्यांत सांगितलेला हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ आर्सेनिकचा आणि शिसफेद शिशाचा. घरी त्यांची भुकटी हाताळू नका. टायटॅनियमचा पांढरा, पिवडी, काव, अंबर ही तपकिरी माती आणि काळा एवढ्यावर अख्खा चेहरा होतो.

प्रश्न : पांतेलेइमोन यांचा चेहरा हिरवट राहतो आणि त्यावर पांढरे पट्टे चिकटवल्यासारखे दिसतात. मूळ चित्रात तर चेहरा उबदार आहे.

उत्तर : हिरवट असणे चूक नाही. चेहऱ्याचा पहिला थर ऑलिव्हसारखा गडदच असतो. त्याला सांकिर म्हणतात : पिवडीत थोडा काळा, किंवा हिरव्या मातीत जरासा तांबडा. तो चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर सपाट बसतो आणि शेवटी फक्त सावलीच्या जागी उघडा राहतो. तुमचे बिनसले ते पहिल्या उजेडाच्या थरात. तुम्ही सांकिरवर थेट पांढरा मिसळलेला रंग आणला. गडद हिरव्यावर पातळ पांढरा निळसर, राखाडी दिसतो.

पहिला उजेड पांढऱ्याशिवाय करा : पिवडी आणि किंचित काव. हा उबदार थर गाल, कपाळ, नाकाचा कणा, हनुवटी, मान यांवर मोठ्या जागेत. दुसऱ्यात थोडा पांढरा, जागा लहान. तिसऱ्यात आणखी पांढरा, जागा अजून लहान. गालांवर, ओठांवर पातळ तांबूस छटा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये फिरवा. मग भुवया, पापण्या, नाकाची रेषा गडद तपकिरीने पुन्हा काढा, कारण एव्हाना त्या पुसट झालेल्या असतात. अगदी शेवटी केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा, डोळ्याखाली तीन-चार, नाकाच्या कण्यावर एक, कपाळावर काही. पट्टे वाटतात ते बहुधा या रेघा फार लवकर आणि फार जाड आल्यामुळे.

कडा विरघळवायच्या तर फळी आडवी ठेवा आणि रंग पाण्यासारखा पातळ घेऊन थेंबाने पसरवा. ब्रशने घासायचे नाही, थेंबाला ढकलत न्यायचे आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ओल्यावर पुन्हा ब्रश गेला की खालचा थर उखडतो आणि मध्ये भोक पडते. अनेकांचा धीर इथे सुटतो. पाच मिनिटे थांबण्याऐवजी ते तीनदा तीच चूक करतात.

दुसरे असे की उजेडाला एक दिशा नसते. खिडकीतून आल्यासारखा एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर छाया केली की चित्र बरे दिसेल, पण प्रतिमेची चाल मोडते. जमिनीवर सावलीही पडत नाही.

समोरून पाहणाऱ्या चेहऱ्याचे माप नाकाच्या लांबीने घेतात. नाकाच्या मुळाशी केंद्र धरून एक नाक त्रिज्येचे वर्तुळ काढले की त्यात डोळे आणि नाक येते, दोन नाकांच्या वर्तुळात केसांसकट डोके, तीन नाकांच्या वर्तुळात प्रभावळ. कुरळे केस पांतेलेइमोन यांना ओळीने बसवतात, एकेक कुरळा छोट्या वाटोळ्या गाठीसारखा. आधी संपूर्ण डोके गडद तपकिरी, मग त्यावर फिकट रेषांनी कुरळे.

प्रश्न : जुन्या प्रतिमेवरून हुबेहूब उतरवणे ही चोरी नाही का? आणि माझी सही कुठे करू?

उत्तर : या परंपरेत उतरवणे हीच शिकण्याची वाट आहे. पांतेलेइमोन यांच्यासाठी सिनाई पर्वतावरच्या संत कॅथरीन मठात तेराव्या शतकातली प्रतिमा आहे. मध्ये संत, भोवती त्यांच्या चरित्रातले प्रसंग. उत्तर मॅसिडोनियात स्कोप्येजवळ नेरेझी इथले 1164 सालचे चर्च त्यांच्याच नावाचे आहे. चांगला नमुना घ्या, कारण वाईट नमुन्यातल्या चुकाही हुबेहूब उतरतात. आजच्या चित्रकाराची प्रत उतरवून विकायची असेल तर मात्र त्याची परवानगी घ्या.

सही बहुतेक प्रतिमांवर नसते, पण कधीच नसते असेही नाही. क्रीट बेटावरचा पंधराव्या शतकातला आंगेलोस 'आंगेलोसचा हात' असे लिहीत असे. पुढे स्पेनमध्ये एल ग्रेको म्हणून गाजलेला दोमेनिकोस थेओतोकोपुलोस क्रीटमध्ये प्रतिमा रंगवतच सुरू झाला, आणि सिरोस बेटावरच्या त्याच्या प्रतिमेवर 1983 मध्ये सही सापडली. नाव लिहायचेच असेल तर पाठीवर लिहा, सोबत वर्ष आणि वापरलेले साहित्य. शंभर वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला त्याचाच उपयोग होईल.

प्रश्न : वरून जवसाचे तेल दिले, तीन महिने झाले, अजून चिकट. धूळ बसून खरखरीत झाले आहे.

उत्तर : कच्चे तेल दिले असणार. प्रतिमेवर देतात ते ओलिफा, म्हणजे वाळवणारे क्षार घालून शिजवलेले जवसाचे तेल. तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्यामुळे थर जाड असेल, खोली गार किंवा अंधारी असेल तर महिने जातात.

रीत अशी : रंग पुरा झाल्यावर किमान महिनाभर थांबा. फळी आणि तेल दोन्ही कोमट करा, फळी अगदी समपातळीत ठेवा, तेल ओतून तळहाताने सगळीकडे न्या. दर वीस-तीस मिनिटांनी बघा, जिथे रंगाने तेल पिऊन टाकले तिथे पुन्हा हात फिरवा. काही तासांनी तेल मधासारखे ओढायला लागले की तळहातानेच जास्तीचे काढून घ्या, फक्त पातळ पापुद्रा राहू द्या. मग धूळ न बसेल असे झाकून ठेवा. ओलिफाने रंग गडद होतात, आणि ज्या पांढऱ्यात बलक कमी तो पारदर्शक होऊन डाग दिसतो. म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर करून बघा.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून, मग पसरून वाळवून टाका.

ओलिफाचा एक दुर्गुण सगळ्यांनी सोसला आहे : साधारण 80 ते 100 वर्षांत तो काळवंडतो. मग जुन्या काळी त्यावरच नवे चित्र रंगवत. रशियन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्हच्या ख्रिस्ती त्रैक्याच्या प्रतिमेवरचे असे थर 1904 मध्ये काढायला सुरुवात झाली, तेव्हा खालचे रंग किती उजळ आहेत ते दिसले. आज बरेच चित्रकार न काळवंडणारे, काढता येणारे वॉर्निश देतात. शिकणाऱ्याने तेच घ्यावे असे आमचे मत आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो 'हाती रंगवलेली, दोनशे वर्षांची'. कसे तपासायचे?

उत्तर : दोन वेगळे दावे आहेत, वेगळे तपासा.

हाती रंगवलेली का? दहापट भिंग घ्या आणि गालाची कड बघा. छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी किंवा फवारा दिसतो. रंगवलेल्यात एक रेघ दुसरीवर चढलेली दिसते. टॉर्च अगदी बाजूने धरा : शेवटच्या पांढऱ्या रेघा किंचित उंच लागतात, वर्खाच्या पानांचे चौकोनी जोड दिसतात. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे छापील कागदावर वरून चार फटकारे मारलेली. तिथे रेघा उंच असतात, पण मधल्या सपाट जागेत ठिपके सापडतात. म्हणून भिंग कपड्यावर आणि पार्श्वभूमीवरही फिरवा.

जुनी का? पाठ आणि कडा बोलतात. जुन्या फळीला पुढच्या बाजूने हलका फुगीर बाक आलेला असतो. तडे लाकडाच्या रेषांच्या किंवा कापडाच्या विणीच्या मागे जातात. सगळीकडे सारखीच जाळी दिसली तर ती मुद्दाम पाडलेली असू शकते. किड्याची भोके गोल आणि आत वाकडीतिकडी जाणारी. पृष्ठभागावर उघडे पन्हळ दिसले तर लाकूड किडल्यानंतर कापले गेले, म्हणजे जुनी फळी नव्या चित्रासाठी वापरली.

आणि खरेच जुनी निघाली तर दुसरी अडचण आहे. ग्रीसमध्ये 2002 च्या 3028 क्रमांकाच्या कायद्याने 1830 पर्यंतच्या वस्तूंना संरक्षण आहे. रशियातून 100 वर्षांहून जुन्या सांस्कृतिक वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. कागदपत्र नसलेली 'दोनशे वर्षांची' प्रतिमा स्वस्तात मिळाली, तर ती खोटी तरी आहे नाहीतर विमानतळावर अडकणारी तरी.

प्रश्न : कांद्याच्या फोडीने चोळले की जुनी प्रतिमा उजळते म्हणतात. करू का?

उत्तर : नको. कांदा, पाव, व्हिनेगर, ओले फडके, ऑलिव्ह तेल, काहीही नको. ओल चिरांतून लेपात शिरते, सरस फुगतो आणि रंग सुटतो. तेल काही महिन्यांत धूळ धरून काळे होते.

प्रश्न : प्रतिमा कुठे टांगावी? आमच्याकडे समोर तेलाचा दिवाही लावतात. खालच्या कोपऱ्यात रंगाचे दोन-तीन पोपडे उचललेले आहेत.

उत्तर : पोपडे आधी. प्रतिमा भिंतीवरून काढा आणि चेहरा वर करून आडवी ठेवा. फुंकर मारू नका, ब्रश फिरवू नका, बोटाने दाबू नका. कोरडा पोपडा दाबला की मोडतो. तुकडा पडलेला असेल तर छोट्या डबीत ठेवून ती डबी प्रतिमेसोबतच द्या. जुन्या चित्रांची दुरुस्ती करणारे पातळ जपानी कागद लावून, त्यातून माशाचा हलका सरस आत सोडून तो बसवतात. घरचा पांढरा गोंद यासाठी चालत नाही, तो पुढे निघत नाही.

दुरुस्तीनंतर टांगताना बाहेरच्या बाजूची ओलसर भिंत, हीटरची वरची जागा आणि थेट ऊन टाळा. हवेतला दमटपणा 50 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम, पण आकड्यापेक्षा तो एकदम वर-खाली न होणे महत्त्वाचे. पाठीमागे हवा खेळायला बोटभर फट ठेवा. दिवा प्रतिमेच्या अगदी खाली नको. पुढे आणि बाजूला ठेवा, वात आखूड ठेवा. तळहात प्रतिमेच्या पृष्ठभागाजवळ मिनिटभर धरा. ऊब लागली तर दिवा अजून दूर न्या.